खडीच्या ढिगाचा फोटो

निकाल लागला तो शनिवार होता, म्हणजे आमच्याकडे बहरीनमध्ये सुट्टीचा दिवस. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिकडे मतमोजणी सुरू झाली तेव्हा इथे नुकतं उजाडत होतं. अब्बा विमानतळावर कार्गोच्या शिफ्टला गेले होते, अम्मी इस्तरी करत होती आणि मी मुहर्रकमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात फोनवर आकडे बघत बसले होते. कोण जिंकलं हे मी लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा माझी बाजू ठरवून टाकतो. आणि मला जे सांगायचं आहे ते निकालानंतरचं आहे.

दुपारी ग्रुपवर एक फोटो आला. हा ग्रुप इथल्या मराठी मंडळींचा. तीनशेच्या आसपास माणसं. मुंबई-पुण्याकडचे इंजिनिअर, बँकेतले, अकाउंटंट. आणि आम्ही रत्नागिरी-रायगडकडची मुसलमान घरं, कुणी दुकानात, कुणी क्लार्क, कुणी टेक्निशियन. आरतीची वेळ, ईदच्या शुभेच्छा, जुना सोफा कुणाला हवाय का, व्हिसाच्या मेडिकलला काय काय न्यायचं, असलं सगळं तिथे चालायचं. अब्बांना टाइप करायचा कंटाळा म्हणून त्यांनी स्वतःबरोबर मलाही त्यात घालून ठेवलं होतं.

फोटोत एक कच्चा रस्ता होता, कडेला एसटीच्या थांब्याची निळी शेड आणि शेडच्या बाजूला दगडांचा मोठा ढीग. खाली आमच्या गावाचं नाव, तालुक्यासकट, आणि त्याच दिवसाची तारीख. आणि मजकूर: विजयी मिरवणुकीवर फेकायला या लोकांनी दगड जमवून ठेवले आहेत, मिरवणूक आली तेव्हा वर्षाव झाला, अजून किती झोपणार, जागे व्हा, सगळीकडे पाठवा.

आधी वाटलं, खरंच काही झालं की काय. मग मी फोटो मोठा करून बघितला आणि तो ढीग ओळखला. ती खडी होती. थांब्यापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून खाडीवरच्या जेट्टीपर्यंत पक्का रस्ता करणार म्हणून आधीच्या एका निवडणुकीच्या तोंडावर टाकलेली. नारळ फुटला, ट्रक आले, खडी पडली आणि ट्रक गेले ते गेलेच. दर सुट्टीत आम्ही गावी जायचो तेव्हा ती तिथेच असायची. तिच्यावर गवत वाढलं होतं. शेजारपाजारच्या बकऱ्या त्यावर चढून बसायच्या. मी स्वतः त्या ढिगावर बसून फोटो काढून घेतला होता, दोन वर्षांपूर्वी, कारण गावात तेवढ्या एकाच जागी नेटवर्क नीट मिळायचं.

फोटो कुणी टाकला ते मी नंतर बघितलं. माझ्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीच्या वडिलांनी. त्यांना मी काका म्हणते. ते पुण्याचे, इथे एका कंपनीत इंजिनिअर, शहरातल्या बऱ्या वस्तीत, माहूजला राहतात. मैत्रीण आणि मी पहिलीपासून ईसा टाउनच्या शाळेला एकाच बसने जायचो, आणि बसमध्ये मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून आमची गट्टी जमली. त्यांच्या घरी मी किती वेळा जेवले असेन याला हिशेब नाही. आमच्या गावची आमसुलं दरवर्षी त्यांच्याकडे जायची, माझी फुफी पुडक्यावर स्वतःच्या हाताने गावाचं नाव लिहून पाठवायची. म्हणजे ते नाव काकांनी आपल्या स्वयंपाकघरात वाचलेलं होतं.

मी फुफीला फोन लावला. फुफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण, गावातच राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त.

"फुफी, तुम्ही बऱ्या आहात ना? दगडफेक झाली म्हणे?"

"कसली दगडफेक?" ती म्हणाली. "मिरवणूक आली, थांब्यापाशी फटाके फोडलान, गुलाल उडवलान नि गेली. माझ्या वर्गातले दोघे होते त्यात, पाया पडून गेले. तुला कुणी सांगितलान?"

मी तिला फोटोचं सांगितलं.

"ती खडी?" ती म्हणाली. "ती खडी तर माझ्या डोक्यावर बसलीय कधीपासून."

मग मी जे केलं ते मला आजही बरोबर वाटतं. मी ग्रुपवर माझा तो जुना फोटो टाकला. तोच ढीग, तीच निळी शेड, वर मी बसलेली, शाळेचा टी-शर्ट घातलेला. खाली लिहिलं: "हा माझा दोन वर्षांपूर्वीचा फोटो आहे. ही रस्त्याची खडी आहे. रस्ता झालाच नाही. आज गावात दगडफेक झालेली नाही, मी आत्ताच घरी बोलले. कृपया वरचा मेसेज काढून टाका."

दहा मिनिटांत माझा मेसेज गायब झाला. ग्रुप चालवणाऱ्या गृहस्थांनी खाली सूचना टाकली: या ग्रुपवर राजकीय चर्चा नको, सर्वांनी सौहार्द राखावं. आणि हात जोडलेली खूण. काकांचा मेसेज मात्र होता तिथेच होता. त्याच्याखाली अंगठे येत होते. मी मोजत नव्हते, पण डोळ्यांसमोर एकेक नाव येत होतं आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या मुलांबरोबर मी शाळेत होते.

मी पुन्हा टाकला. पुन्हा गेला.

अब्बा शिफ्टवरून आले तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच कळलं की त्यांना कुणीतरी कामावर फोन केलाय. युनिफॉर्मही न काढता ते माझ्यासमोर उभे राहिले.

"काय लिहिलंस तू ग्रुपवर?"

"खरं लिहिलं."

"तुला कुणी विचारला होता?"

"अब्बा, तो आपला गाव आहे. त्यात फुफी राहते. हे उद्या कुणाकुणाकडे जाईल, कोण काय करेल..."

"आपला इथे काय हाय?" अब्बा ओरडले. ते कधी ओरडत नाहीत. "एक आयडी कार्ड हाय, ता पण दोन वर्षांचा. बावीस वर्षं झाली, मी इथे कुणाशी वर मान करून बोललो नाय. कामावर ज्यांच्याशी रोज गाठ, ती माणसं त्या ग्रुपवर हायत. सॉरी लिही."

"नाही लिहिणार."

"लिही म्हणतो ना!"

"मी खोटं काय बोलले ते सांगा, मग लिहिते."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. बोट अडखळत अडखळत, एकेक अक्षर शोधत त्यांनी स्वतः टाइप केलं. मी खांद्यावरून वाचत होते. "लेकीकडून चूक झाली. लहान आहे. सर्वांची माफी मागतो." या मेसेजला मात्र कुणी हात लावला नाही. लगेच चार-पाच जणांनी मोठ्या मनाने लिहिलं, असू द्या हो, मुलं आहेत, खलास, विषय संपला.

माझा विषय तिथे सुरू झाला. काकांवर राग होताच, पण अब्बांवर जो राग आला तो मला सांगता येत नाही. खोटं पसरवणाऱ्याला नमस्कार आणि खरं सांगितलं म्हणून माफी, आणि ती माफी माझ्या बापाने माझ्या फोनवरून, माझ्या नावाखाली मागितली होती. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, दोन खोल्यांत, न बोलणं फार कठीण असतं. पाणी हवं का एवढंसुद्धा अम्मीच्या मार्फत चालायचं.

नंतरचे तीन-चार आठवडे मी वाईट काढले. तो फोटो कुठे कुठे गेलाय ते शोधणं हा माझा उद्योग झाला. इथल्या दुसऱ्या दोन ग्रुपांवर सापडला. रत्नागिरीच्या एका पानावर सापडला, तिथे खालच्या प्रतिक्रिया वाचल्या, आमच्या गावच्या लोकांचं काय काय करायला हवं याच्या. लेक्चर चालू असताना डेस्कखाली फोन धरून मी ते वाचायचे. प्रत्येकाला उत्तर द्यायचे. एकाला उत्तर दिलं की पाच नवे. जेवणाची वासना गेली. विंचरताना केस हातात यायला लागले. एका चाचणीत मी कोरा पेपर दिला, कारण प्रश्न वाचत होते आणि डोक्यात भलतीच वाक्यं चालू होती. कॉलेजातल्या मुलींना मी सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, अगं इतकं मनावर का घेतेस, तू तर तिथे राहतही नाहीस. जसं काही आपण जिथे राहत नाही तिथली माणसं आपली नसतात. आणि जिथे राहतो तिथे तर आम्हाला सांगतातच की तुम्ही पाहुणे. मग आम्ही बोलायचं कुठे? हा प्रश्न मी कुणालाच विचारला नाही, पण त्याने माझं डोकं फुटायची वेळ आली.

शेवटी अम्मीने एक दिवस कॉलेजातून आल्या आल्या माझा फोन घेतला आणि तांदळाच्या डब्यात घालून झाकण लावलं.

"आधी जेव," ती म्हणाली. "रिकाम्या पोटाने भांडायला गेलीस की रडू येतं. मग लोक म्हणतात, बघा, पोरगी रडते."

"तू पण मला गप्पच बसायला सांगतेस."

"गप्प बस कुठे म्हटला मी? जेव म्हटला. भांड. पण कुणाशी भांडतेस ता तरी कळू दे. त्या फोनातल्या माणसांना तू ओळखतेस?"

ओळखत नव्हते. मी जेवले. तिने बांगड्याची कढी केली होती आणि मी दोन वेळा भात घेतला, इतकी भूक साचली होती. फोन दिवसातून दोनदा मिळेल, सकाळी आणि संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर अर्धा तास, असं अम्मीने ठरवलं. कॉलेजसाठी मला तिने स्वतःचा जुना बटनांचा फोन दिला. मी चिडले, पण मनातून सुटल्यासारखंही वाटलं. संध्याकाळी ती मला समुद्राच्या बाजूला चालायला न्यायची. डोक्यावरून विमानं उतरत असायची आणि आम्ही चालत राहायचो.

या सगळ्यात मैत्रिणीचा एकही फोन नव्हता. तिने तो मेसेज बघितला नसेल असं होणार नाही. मी पण केला नाही. आणि मग एका शुक्रवारी दुपारी ती बसने एकटी मुहर्रकला आली, आमच्या दारात उभी. घरी भांडण ऐकू जाऊ नये म्हणून मी तिला गल्लीच्या तोंडाशी कडक चहाच्या टपरीपाशी नेलं.

"आय एम सॉरी," ती म्हणाली. "मी घरी खूप भांडले. बाबा ऐकतच नाहीत."

"घरी भांडलीस? घरातल्या घरात? आणि तीनशे माणसांसमोर कोण बोलणार होतं?"

"मला भीती वाटली."

"मला नाही वाटली? माझ्या अब्बांनी माफी मागितली. तुझ्या बाबांच्या खोट्याबद्दल. वाचलीस ना?"

तिचे डोळे भरले. मला तिची दया आली नाही. तेरा वर्षांची मैत्री, आणि हिला भीती वाटली. मी तिला म्हणाले, आता येतेस, मग तेव्हा कुठे होतीस, जा तुझ्या माहूजला. आजूबाजूचे बघायला लागले. ती जागची हलली नाही. चहाचा कागदी कप चुरगळत ती म्हणाली, "चल मग. आत्ता चल घरी. तू विचार त्यांना. मी तिथे असेन."

आम्ही गेलो. बसने, समुद्रावरचा पूल ओलांडून.

काका घरीच होते. नेहमीसारखे हसून म्हणाले, "ये ये, किती दिवसांनी!" काकू पोहे करायला आत गेल्या. मला वाटलं होतं ते चिडलेले असतील, म्हणजे मलाही चिडता येईल. त्या हसण्याने माझी पंचाईत झाली. तरी मी विचारलं.

"काका, तो फोटो तुम्ही का टाकला?"

"कुठला? अच्छा, तो. अगं, आला तसा पुढे पाठवला. मी काय काढायला गेलो होतो?"

"त्यावर आमच्या गावाचं नाव होतं."

"हो, पण मी काय तुमच्याबद्दल म्हटलं का? तुम्ही तसे नाही, मला माहीत नाही का?"

तुम्ही तसे नाही. ते अगदी प्रेमाने म्हणाले. माझ्या कानशिलात कुणी मारली असती तरी चाललं असतं.

"मग कोण तसे आहेत?" मी विचारलं. "माझी फुफी? तुम्ही खाता ती आमसुलं तिने वाळवलेली असतात. त्या गावात तुम्ही कुणाला ओळखता ते सांगा, आणि त्यांतलं कोण तसं आहे ते सांगा."

काकांचं हसू गेलं. "हे बघ, तू अजून लहान आहेस. राजकारण तुला कळत नाही. तू मतदान तरी केलंस का?"

"नाही. माझं नाव नोंदलेलं नव्हतं. तुम्ही केलंत?"

काकांनी टीपॉयवरचा रिमोट सरळ करून ठेवला.

"कधीतरी केलंत?"

"इथून कसं करणार? त्यासाठी तिकडे जावं लागतं," ते म्हणाले. "आणि आता तो मेसेज डिलीट होत नाही. जुना झालाय."

"मग खाली लिहा, की तो खोटा होता."

"कशाला उकरून काढायचं? लोक विसरलेसुद्धा."

"मी नाही विसरले."

काकू पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभ्या होत्या, आत यावं की नाही अशा. मी उठले. आणि त्याच वेळी माझ्या मैत्रिणीने सोफ्यावर बसल्या बसल्या फोनवर लिहायला सुरुवात केली. तिचं मराठी लिहिणं कच्चं, म्हणून तिने इंग्रजीत लिहिलं आणि पाठवायच्या आधी मोठ्याने वाचलं. तिच्या वडिलांनी तो फोटो न तपासता पाठवला होता. त्यातले दगड म्हणजे रस्त्याची खडी आहे. जिने हे सांगितलं तिचा मेसेज काढून टाकला आणि तिच्या वडिलांना माफी मागावी लागली, याची तिला लाज वाटते.

"पाठवू नकोस," काका म्हणाले.

तिने पाठवलं.

तिला पाच मिनिटांत ग्रुपमधून काढलं. काका महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिने मला हे खूप नंतर सांगितलं, तेव्हा नाही. तो मेसेज उडवायच्या आत किती जणांनी वाचला कुणास ठाऊक. एकाही माणसाने, इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकानेही, मला किंवा अब्बांना फोन करून चुकलं असं म्हटलं नाही. आजपर्यंत नाही.

पण आमचं बोलणं सुरू झालं, आणि बोलता बोलता मैत्रिणीनेच तो प्रश्न विचारला जो मी इतक्या आठवड्यांत स्वतःला विचारला नव्हता. "पण ती खडी तिथे आहे कशाला? रस्ता का नाही झाला?"

मला माहीत नव्हतं. मी जगभरच्या लोकांशी त्या ढिगावरून भांडले होते आणि तो तिथे का पडलाय हे मला माहीत नव्हतं. मी फुफीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "अर्ज करा. लेखी विचाराल तर लेखी सांगतील. तोंडी मी दहा वेळा विचारलाय."

तर आम्ही दोघींनी अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीला, की अमुक रस्त्याचं काम कधी मंजूर झालं, कुणाला दिलं, का थांबलं. आम्ही दोघी इंग्रजी शाळेतल्या. अर्ज मराठीत लिहून फोटो काढून फुफीला पाठवला, तर तिने तो वहीत उतरवून, लाल पेनाने तपासून, त्याचा फोटो परत पाठवला. एरवी आमच्याशी गावच्या बोलीत बोलणारी फुफी अर्जाच्या बाबतीत एकदम बाईंसारखी बोलायला लागली. "'विनंती' मधला 'नं' कुठे गेला? 'मंजुरी' ला जु ऱ्हस्व. आणि इतकं रागावून लिहू नका. तारीख विचारा, नाव विचारा. रागावलेला कागद ते बाजूला ठेवतात." तीनदा लिहायला लावला. मैत्रीण म्हणाली, बोर्डाच्या परीक्षेलाही मी इतकं शुद्धलेखन केलं नव्हतं. खूप दिवसांनी मी हसले.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत फुफीने तो अर्ज वाचून दाखवला. नाव माझं, मी मतदारयादीत नाही म्हणून कुणी हरकत घेतली, तेव्हा तिने खाली स्वतःची सही केली आणि म्हणाली, आता झाला माझा अर्ज. महिन्याभराने तिला लेखी उत्तर मिळालं. तिने ते फोनवर वाचून दाखवलं आणि मला पुन्हा वाचायला सांगावं लागलं. रस्त्याचं काम पूर्ण झालेलं आहे. कधीचंच. या निवडणुकीच्या वर्षभर आधी.

कागदावर रस्ता होता. त्याच्यावरून मुलं शाळेत जात होती. आणि जमिनीवर ती खडी होती, जिला इथल्या शिकल्यासवरलेल्या मंडळींनी दंगलीचा दारूगोळा ठरवला होता. मी त्या दिवशी फोन भिंतीवर फेकणार होते. अम्मीने हात धरला.

आता कामाला आला तो काकांचाच फोटो. त्यात निकालाच्या दिवसाची तारीख होती, गावाचं नाव होतं, कच्चा रस्ता होता आणि ढीग होता. काम पूर्ण झाल्याचं कागद सांगतो त्यानंतर वर्षाने काढलेला. ज्याने कुणी आमच्या गावाला बदनाम करायला तो काढला त्याने आमच्यासाठी पुरावाच काढून ठेवला होता. आम्ही तो फोटो, माझा फोटो आणि ते उत्तर असं जोडून दुसरा अर्ज तालुक्याला केला. फुफी शेजारच्या बायकांना घेऊन एसटीने तालुक्याला गेली. एकदा साहेब नव्हते. एकदा साहेब मीटिंगमध्ये. एकदा म्हणाले, अर्ज सापडत नाही, दुसरी प्रत द्या. चौथ्या वेळी तिने डबा नेला, ऑफिसच्या बाकावर बसून जेवली आणि म्हणाली, मला घाई नाही, मी रिटायर आहे. तिचा एक गुडघा तेव्हाच गेला तो अजून दुखतो. आम्ही इथे बसून फक्त कागद लिहीत होतो हे मला टोचायचं, अजून टोचतं. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "लिहायला पण कुणीतरी लागतो गो."

पावसाच्या आधी रोलर आला. थांब्यापासून शाळेपर्यंत रस्ता झाला. शाळेपासून जेट्टीपर्यंत नाही झाला, खडी संपली म्हणे. काम पूर्ण झाल्याचं ज्याने लिहिलं त्याचं काहीही झालं नाही. निवडून आलेल्या माणसाने त्या अर्ध्या रस्त्याचं उद्घाटन केलं आणि फुफीला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. ती बसली नाही. मला हे सगळं यश वाटत नाही. ज्या कामासाठी कुणाला अर्जच करावा लागू नये त्या कामासाठी एका म्हाताऱ्या बाईचा गुडघा गेला.

अब्बांशी माझं बोलणं हळूहळू सुरू झालं होतं, कामापुरतं. फुफीने रस्त्याचा व्हिडिओ पाठवला तो त्यांनी दोन-तीनदा बघितला. मग एका सुट्टीच्या दिवशी ते पासपोर्ट घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"तो फॉर्म असतो ना," ते म्हणाले, "परदेशातल्या लोकांचा. मतदारयादीत नाव घालायचा. तू भरलास ना तुझा?"

"भरला."

"माझा पण भर."

चांगलं वाटायला हवं होतं. मला आला तो राग. "आता?" मी म्हणाले. "बावीस वर्षं काय करत होतात? मी एकटी भांडत होते तेव्हा कुठे होतात? तुम्ही माझ्या वतीने माफी मागितलीत अब्बा, माझ्याच नावाखाली!"

त्यांनी मान खाली घातली नाही, की ओरडलेही नाहीत. "घाबरलो होतो," ते म्हणाले. "अजून घाबरतो. पण तुझी फुफी म्हातारी बाई तालुक्याला चार वेळा गेली नि मी तिचा भाऊ..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग म्हणाले, "त्या ग्रुपवर लिहिला ता चुकला माझा. मी तिथून बाहेर पडलोय. तुला तिथनं नाव काढायचा असेल तर काढ, नसेल काढायचा तर नको. तुझ्यावर हाय."

मी लॅपटॉप उघडला. पासपोर्टची पानं स्कॅन केली, व्हिसाचं पान स्कॅन केलं. फोटो दोनदा नाकारला गेला, मागची भिंत पांढरी नाही म्हणून. अम्मीने पांढरी चादर धरली. अब्बा तिच्यासमोर ताठ उभे राहिले, शर्टाचं वरचं बटन लावून, आणि मी म्हणाले, हसू नका, आणि ते म्हणाले, मी कुठे हसतोय.